पर्याय क्रमांक एक

मानेवाडा चौकात, झेरॉक्सच्या मागच्या खोलीत
मी लोकांच्या पोरांचे अंदाज सांगतो.
फी तीस रुपये, प्रिंट वेगळी.
मागच्या वर्षांचे कटऑफ बाइंड करून ठेवलेत,
कोपरे कूलरच्या पाण्याने फुगलेले.
पेन्सिल एकच, दोन टोकांची:
निळं म्हणजे मिळेल, लाल म्हणजे विसरा.
मधल्यांना मी नुसतं "बघू" म्हणतो.

तेजल पौनीकर आली भर दुपारी,
तोंडाला ओढणी, छातीशी फाइल, मागे बाप.
"शहाण्णव पॉइंट एकेचाळीस,"
बापाने आकडा सांगितला
जसा कोणी रक्तगट सांगतो.
पाहिजे होतं अंबाझरीच्या रस्त्यावरचं ते कॉलेज,
आणि त्यातही कम्प्युटर.

मी पान उघडलं.
गेल्या साली सत्त्याण्णव पॉइंट नव्वद.
त्याच्या आधी सत्त्याण्णव सहासष्ट.
पेन्सिल बोटांत आपोआप फिरली.
"थोडक्यातच राहून राहिलं ना जी?"
थोडक्यात म्हणजे किती, ते त्याच्यापुढे मोजलं नाही.
तीन-चार हजार पोरं.
एकामागे एक उभी केली
तर या चौकातून तुकडोजी पुतळ्यापर्यंत रांग,
आणि ही त्या रांगेच्या मागे,
ऊन डोक्यावर घेऊन.

तेजल पान स्वतःकडे फिरवून वाचत होती.
"काका, ज्याच्यावर कटऑफ थांबला,
ते शेवटचं पोरगं कोण असते?"
सतरा वर्षं या खुर्चीवर बसतोय,
हे कोणी विचारलं नव्हतं.
"असते कोणीतरी."
"त्याले त कोणी लालच सांगितलं असन ना?"

नंदनवनचा सौमिल खडतकर आठवला.
त्याचा पहिला पर्याय मी खोडायला लावला होता,
घरात उगाच आशा नको म्हणून.
वर टाकल्याने काही वाया जात नाही,
हे मला तेव्हाही माहीत होतं.
यादी येऊन थांबली
त्याच्या चार शतांश खाली.
नंतर एकदा आला, बोनाफाइडची झेरॉक्स काढायला.
काही बोलला नाही.
सुटे दोन रुपये राहू द्या म्हणाला.

आता हिला काय सांगू?
नांदेडात एखादं पोरगं आज रात्री जेवताना ठरवेल,
पुण्यालाच जातो.
आई म्हणेल, बरंच झालं, आत्या आहे तिथं.
अकोल्याची एखादी म्हणेल, डॉक्टरच व्हायचं, पुन्हा बसते.
आणि इथं वर्गात एक खुर्ची सरकेल,
मग अजून एक.
आपण शक्यता म्हणतो ती अशी
अनोळखी लोकांच्या ताटांवर ठरते.
माझ्या बाइंडिंगमध्ये
त्याचा रकाना नाही.

कूलरचं पाणी संपलं, मोटर कोरडी घरघरायला लागली.
बाप उठला,
कोपऱ्यातली बादली न सांगता टाकीत ओतली
आणि हात पँटला पुसत पुन्हा बसला.
तेवढ्यात पोरीने माऊस ओढून
पहिल्या रकान्यात तेच नाव टाकलं होतं.

"खाली नऊ अजून भर," मी म्हणालो, "निळी वाली."
"भरते. पण हे वरच राहीन."

प्रिंट निघाली, कोमट.
मी तीस रुपये घेतले, पेन्सिल कानामागे अडकवली.
बाप दारात अडून उभा:
"मंग काय म्हन्ता जी? लाल का निळं?"
बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं.
मी म्हणालो,
यादी चार तारखेला लागते.
दहाच्या आधी येऊ नका,
सर्व्हर चालत नाही.